अवघड जागेचे दुखणे आणि ओटीपोटाची एमआरआय तपासणी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी ओटीपोटाच्या तपासणीचा विषय काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु मराठीत एक जुनी म्हण आहे, ‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर’. हसण्यावारी नेली जाणारी ही म्हण अनेक घरांत फार महागात पडते. रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी यांची चर्चा जेवणाच्या पंगतीत मोकळेपणाने होते. डोळ्याचे ऑपरेशन झाले की शेजारीपाजारी भेटावयास येतात. मात्र गर्भाशय, बीजांडकोश, गुदद्वार, मूत्राशय वा पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी यांपैकी कशाचेही दुखणे असले की बोलणे थांबते. गृहिणी अंगावरचे जाणे वर्षभर सहन करते. सूनबाईला सांगावे तर संकोच, मुलाला सांगावे तर त्याहून अधिक. दुकानाच्या गादीवर आयुष्य काढलेले शेठजी रात्री पाच वेळा लघवीला उठतात आणि ‘वय झाले’ एवढेच म्हणतात. भगंदरातून पू येत असतो, तो रुमाल दुमडून झाकला जातो. शेवटी डॉक्टर एमआरआय काढण्यास सांगतात, तेव्हा घरात दोनच गोष्टी होतात. एक तर ‘एमआरआय म्हणजे कॅन्सरच असणार’ अशी धास्ती बसते, किंवा ‘पर्युषणानंतर पाहू’, ‘लग्नसराईनंतर पाहू’ असे म्हणून चिठ्ठी कपाटात जाते.

ती चिठ्ठी कपाटातून बाहेर यावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

ओटीपोट म्हणजे कमरेच्या हाडांनी वेढलेले खोलगट पात्र. एवढ्याशा जागेत मूत्राशय, मलाशय, स्त्रियांत गर्भाशय व बीजांडकोश, पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी, शिवाय स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्या दाटीवाटीने बसलेल्या असतात. एक अवयव दुसऱ्याला चिकटून असल्याने दुखणे नेमके कोणाचे, हे बाहेरून हात लावून नेहमी कळत नाही. बहुतेक वेळी पहिली तपासणी सोनोग्राफीची असते आणि ती तशीच असावी. सोनोग्राफी स्वस्त आहे, लवकर होते, आणि अनेक तक्रारींचे उत्तर तिच्यातच मिळते. ओटीपोटात थोडे दुखले की थेट एमआरआय काढण्याचा आग्रह धरणे हा पैशाचा अपव्यय होय. परंतु सोनोग्राफीतून प्रश्न सुटत नाही, किंवा शस्त्रक्रियेपूर्वी नेमका नकाशा हवा असतो, तेथे एमआरआयची बरोबरी दुसरी तपासणी क्वचितच करू शकते. मऊ ऊतींमधील फरक दाखविण्यात ती सीटी स्कॅनपेक्षा सरस ठरते.

भगंदराचे उदाहरण घ्यावे. भगंदर वरून दिसते ते एक छोटे छिद्र. आत मात्र त्याची वाट सरळ असेलच असे नाही. तिला फाटे फुटतात, ती मळाचे नियंत्रण करणाऱ्या स्नायूला वळसा घालते, कधी खोलवर पुवाचा कप्पा असतो. दिसलेला रस्ता साफ केला आणि न दिसलेला फाटा राहिला, तर भगंदर पुन्हा उद्भवते, आणि रुग्ण बिचारा आपल्या नशिबाला दोष देतो. पुन्हा उद्भवलेल्या भगंदराच्या रुग्णांचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एमआरआयच्या नकाशानुसार शस्त्रक्रिया केल्यास रोग पुन्हा उलटण्याचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांशाने घटते, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्यांच्यावर दोनदा-तीनदा शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी पुढच्या शस्त्रक्रियेपूर्वी ‘नकाशा काढला आहे का?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. क्षारसूत्राने उपचार करणाऱ्या वैद्यांनाही हा नकाशा तितकाच उपयोगी पडतो.

प्रोस्टेटची गोष्ट त्याच प्रकारची आहे. पूर्वी रक्तातील पीएसए वाढलेला आढळला की सरळ सुईने तुकडे घेऊन तपासत. बायोप्सीच्या या भीतीने कित्येक ज्येष्ठ मंडळी रक्त तपासणेच टाळीत. २०१७ मध्ये ब्रिटनमधील ५७६ पुरुषांच्या अभ्यासात असे दिसले की आधी एमआरआय केल्यास सुमारे चतुर्थांश पुरुषांची बायोप्सी टाळता येऊ शकते. ज्यांची करावी लागेल त्यांच्यातही सुई नेमकी संशयित जागी नेता येते. येथे क्रमाला महत्त्व आहे. बायोप्सी आधी झाली तर ग्रंथीत रक्त साचते व चित्र गढूळ होते. मग एमआरआयसाठी सहसा सहा ते आठ आठवडे थांबावे लागते. म्हणून बायोप्सीची तारीख घेण्यापूर्वीच एमआरआयचा विषय काढलेला बरा.

स्त्रियांच्या बाबतीत फायब्रॉइडच्या गाठी किती, कोठे व केवढ्या आहेत, केवळ गाठी काढून गर्भाशय राखता येईल काय, याचा निर्णय घेण्यास एमआरआय साहाय्य करते. मासिक पाळीच्या तीव्र वेदनांमागे एंडोमेट्रिओसिस असेल तर तो आतड्यापर्यंत पोहोचला आहे काय, हेही ती सांगते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात रोग शेजारच्या ऊतींत शिरला आहे की नाही, यावर शस्त्रक्रिया की किरणोपचार हे ठरते. २०१८ पासून या रोगाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अशा तपासण्यांच्या निष्कर्षांना अधिकृत स्थान मिळाले आहे. मलाशयाच्या कर्करोगातही शस्त्रक्रियेपूर्वी हीच तपासणी करतात. एक गैरसमज मात्र दूर व्हावयास हवा. एमआरआय स्वच्छ आली म्हणून गर्भाशयमुखाची पॅप तपासणी करावयाची नाही, असे नव्हे. पेशींतील सुरुवातीचे बदल एमआरआयला दिसत नाहीत.

आता यंत्राविषयी. एमआरआयमध्ये क्षकिरण नसतात. ज्या घरात ‘स्कॅन’ हा शब्द ऐकताच किरणांची भीती वाटते, तेथे हे वाक्य दोनदा सांगावे. क्षकिरण सीटी स्कॅनमध्ये असतात, एमआरआयमध्ये नाहीत. एमआरआयच्या मूळ नावात ‘न्यूक्लियर’ हा शब्द होता. तो अणूच्या केंद्रकापुरता होता, किरणोत्साराशी त्याचा संबंध नव्हता. लोक उगाच घाबरतात म्हणून तो शब्दच पुढे गाळण्यात आला. शरीरातील पाण्यात व चरबीत हायड्रोजनचे अणू असतात. प्रबळ चुंबकात शरीर ठेवले की त्यांच्या केंद्रकांना दिशा मिळते, रेडिओ लहरींचा धक्का दिला की ती क्षणभर कलतात आणि परत येताना सूक्ष्म संकेत सोडतात. त्या संकेतांवरून संगणक चित्र रचतो. पाण्याच्या थेंबाचा विचार जैन घरांत जितका होतो तितका क्वचितच कोठे होत असेल. हे यंत्रही एका अर्थाने देहातील पाण्याचाच हिशेब मांडते. या शोधाबद्दल पॉल लाउटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यंत्राचा खरा धोका चुंबकात आहे. रुग्णालयांतील चुंबक सामान्यतः दीड किंवा तीन टेस्ला शक्तीचे असते. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. उणे २६९ अंश सेल्सिअस इतक्या थंड द्रवरूप हीलियममध्ये त्याचे वेटोळे बुडविलेले असते आणि ते चोवीस तास चालू असते. खोलीत दिवा नसेल, आवाज नसेल, रुग्ण नसेल, तरीही चुंबक चालूच असते. हे न समजल्याने मृत्यू घडले आहेत. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर हाती घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक ३२ वर्षांचा तरुण सिलिंडरसह यंत्राकडे खेचला गेला आणि प्राणास मुकला. तो रुग्ण नव्हता, रुग्णासोबत आलेला नातेवाईक होता. यंत्र बंद असल्याचे सांगण्यात आले होते, असे कुटुंबीयांनी तेव्हा म्हटले. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ व्यायामासाठी गळ्यात जड साखळी घातलेला एक गृहस्थ असाच खेचला जाऊन दगावला. तोही रुग्ण नव्हता. म्हणून सोबत जाणाऱ्यांनी प्रेमापोटी आत धावत जाऊ नये. तंत्रज्ञाने बोलाविल्यावाचून उंबरठा ओलांडू नये.

जैन शास्त्रात माया, निदान आणि मिथ्यात्व अशी तीन शल्ये सांगितली आहेत. शल्य म्हणजे आत रुतलेला काटा. आलोचना करताना गुरूंपासून काही लपविले तर ते मायाशल्य आत राहते, असे व्याख्यानांत नेहमी ऐकावयास मिळते. एमआरआयपूर्वी जो प्रश्नांचा फॉर्म भरून घेतात, तो शब्दशः शल्यांचाच फॉर्म आहे. हृदयात पेसमेकर आहे काय? मेंदूतील रक्तवाहिनीला क्लिप लावली आहे काय? कानात कॉक्लियर इम्प्लांट, शरीरावर इन्शुलिनचा पंप, कोठे छर्रा अथवा धातूचा कण? लेथवर काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात लोखंडाचा बारीक कण वर्षानुवर्षे राहू शकतो आणि चुंबकाजवळ तो हलला तर दृष्टी जाऊ शकते. हा फॉर्म बऱ्याचदा मुलगा घाईघाईने भरतो आणि सर्वत्र ‘नाही’वर खूण करतो. तो स्वतः रुग्णाने, प्रत्येक प्रश्न वाचून वा वाचून घेऊन भरावा. आईने वीस वर्षांपूर्वी तांबी बसवून घेतली होती, हे मुलाला कोठून ठाऊक असणार? तांबे चुंबकाने ओढले जात नाही, नेहमीच्या तांबीला सहसा अडचण नसते, परंतु पोलादी कडीच्या जातीची जुनी साधने असतात. ती कोणती आहे, हे सांगणे आवश्यक आहे. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेतील रिंगा, हृदयातील स्टेंट, खुब्याचा कृत्रिम सांधा यांनी बहुधा तपासणी अडत नाही, मात्र खुब्याच्या सांध्यामुळे जवळच्या भागाचे चित्र विस्कटते व यंत्राची मांडणी बदलावी लागते. पेसमेकर असला म्हणजे एमआरआय कधीच नाही, ही जुनी समजूतही आता पूर्ण खरी नाही. अलीकडचे कित्येक पेसमेकर ठरावीक अटींवर चालतात. त्याचे कार्ड सोबत न्यावे आणि हृदयरोगतज्ज्ञांशी आधी बोलणे व्हावे.

दागिन्यांबाबत स्त्रिया सांगतात, ‘सोने चुंबकाला चिकटत नाही.’ खरे आहे, शुद्ध सोने ओढले जात नाही. पण ते वीजवाहक असल्याने रेडिओ लहरींनी तापू शकते आणि चित्रही बिघडवते. मंगळसूत्र, बांगड्या, पैंजण, जोडवी घरीच उतरवून ठेवणे उत्तम, कारण केंद्राच्या कपाटात सोने ठेवून निर्धास्त पडून राहणे कोणाला जमत नाही. घट्ट बसलेली जोडवी साबणाच्या पाण्याने आदल्या दिवशीच सैल करावीत. पुरुषांच्या बोटांतील ग्रहांच्या अंगठ्या, दंडातील तावीज आणि विशेषतः घोड्याच्या नालेची अंगठी विसरू नये. नाल लोखंडाची असते, तिला चुंबक ओळख विचारत बसत नाही.

कपड्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे इष्ट होईल, कारण येथे फसगत अधिक होते. लुगडे सुती आहे, पातळ सुती आहे, मग काय हरकत, असे वाटते. पण काठात जर आहे ना? अस्सल जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा देतात, हलक्या जरीत तांब्याची तार असते, आणि अलीकडची चकचकीत जर ही बहुधा धातूचा थर दिलेली प्लॅस्टिकची पट्टी असते. तिन्ही वीजवाहक आहेत. त्यातच ब्लाउजचे हूक, अंतर्वस्त्राची तार, परकराच्या नाडीच्या टोकाची पत्री, विजारीची चेन आणि पदराला आतून टोचलेली सेफ्टी पिन यांची भर. ओटीपोटाच्या तपासणीत विजारीची चेन नेमकी चित्राच्या मध्यभागी येते. ‘घामाचा वास येत नाही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही खेळाच्या कपड्यांच्या सुतात चांदी मिसळलेली असते. अशा कपड्यांनी यंत्रात कातडी भाजल्याच्या नोंदी आहेत. कापडाकडे पाहून, हाताने चोळून ते ओळखता येत नाही. केंद्राचा सुती गाउन घालणे हाच निर्धोक मार्ग. कोणी लाजेने आत स्वतःचे वस्त्र ठेवत असेल तर तंत्रज्ञाला तसे सांगून खात्री करून घ्यावी. डोळ्यातील काजळ, चेहऱ्यावरील प्रसाधन आणि औषधी पट्ट्याही काढाव्यात. पट्टीच्या पाठीशी कधी ॲल्युमिनियमचा पापुद्रा असतो.

तपासणीची पूर्वतयारी केंद्रागणिक थोडी बदलते, पण साधारण चार तास काही खाऊ नये असे सांगतात. आतडे शांत राहिले तर चित्र स्पष्ट येते. येथे चौविहार करणाऱ्यांनी वेळेचे गणित आधी मांडावे. सूर्यास्ताला सहा वाजता जेवण झाले आणि तपासणी दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला असली, तर काहीच न खाल्ल्यास उपवास अठरा तासांचा होतो. मधुमेही माणसाला हे झेपणार नाही. नवकारसी पारून साडेसातच्या सुमारास हलकी न्याहारी केली तर बारापर्यंत साडेचार तास सहज मिळतात. ही मुभा आहे का, हे आधी विचारून ठेवावे. रात्री आठ-नऊची वेळ मात्र चौविहार करणाऱ्यांनी शक्यतो घेऊ नये. शिरेतून औषध दिले तर नंतर भरपूर पाणी प्या असे सांगतात, आणि रात्री पाणी घेता येत नाही. दुपारची तपासणी, मग जेवण, आणि सूर्यास्तापर्यंत घरून नेलेले उकळलेले पाणी, असा क्रम सोयीचा पडतो. अठ्ठाई, वर्षीतप वा आयंबिलाची ओळी चालू असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. निर्जळ उपवासात शिरेतून औषध घेऊन तपासणी करणे मूत्रपिंडाच्या दृष्टीने शहाणपणाचे नाही. घाई नसलेली तपासणी पारण्यानंतर करता येते. परंतु रजोनिवृत्तीनंतर अंगावर रक्त जाणे, मळातून रक्त पडणे, लघवी अडणे ही लक्षणे तपासाठी थांबवून ठेवण्याची नव्हेत. तप पुढच्या वर्षीही करता येते.

मूत्राशय अर्धवट भरलेले हवे असते. त्यासाठी तासभर आधी लघवी करून मग थांबतात. पूर्ण भरलेले असेल तर कळ लागून हालचाल होते, रिकामे असेल तर आतड्याची वेटोळी खाली येऊन दृश्य झाकतात. प्रोस्टेट वा मलाशयाच्या तपासणीत काही ठिकाणी एनिमाही देतात. आतड्याची हालचाल थांबविण्यासाठी हायोसिनचे इंजेक्शन देतात. ते ज्या वनस्पतींपासून मिळते त्या ऑस्ट्रेलियाकडच्या आहेत. प्राणिजन्य औषधाची शंका असणाऱ्यांना हे सांगण्याजोगे आहे. काचबिंदू, लघवी अडण्याचा त्रास किंवा हृदयाची लय बिघडण्याचा विकार असेल तर हे इंजेक्शन चालत नाही. म्हणून तेही फॉर्मवर लिहावे.

सर्वांत अधिक संकोच ज्याचा वाटतो ते आता. काही तपासण्यांत मलाशयात वा योनिमार्गात थोडी जेली भरतात. ती सोनोग्राफीत वापरतात तशीच असते, तिच्यामुळे पोकळी उघडते व भिंती स्पष्ट दिसतात. हे प्रत्येकाला लागत नाही आणि संमतीवाचून करीत नाहीत. अविवाहित मुलीला योनिमार्गाने काही करावयाचे नसते, ते आधी सांगितले की प्रश्न मिटतो. स्त्री-तंत्रज्ञ हवी असेल तर वेळ घेतानाच मागावी. ऐन वेळी आग्रह धरल्यास तपासणी लांबते. मासिक पाळी चालू असली तरी तपासणी बहुधा होऊ शकते. जैन घरांतील काही स्त्रिया त्या दिवसांत बाहेर जाण्याचे टाळतात आणि कारण न सांगता वेळ रद्द करतात. त्यापेक्षा दूरध्वनी करून विचारावे. शेवटच्या पाळीची तारीख तर सांगितलीच पाहिजे, कारण महिन्याच्या कोणत्या दिवशी चित्र काढले यावर गर्भाशयाच्या अस्तराचे रूप बदलते आणि तारीख न कळल्यास निरोगी अस्तरही संशयास्पद वाटू शकते. गर्भ राहिल्याची शंका असेल तर तेही न लाजता सांगावे. गरोदरपणात आवश्यक असल्यास एमआरआय करतात, पण शिरेतील औषध टाळतात.

साध्वीजी भगवंतांच्या आजारात वाहनाचा आणि विजेवरील साधनांचा प्रश्न उभा राहतो. त्याचा निर्णय गुरुभगवंतांचा. वैयावच्च करणाऱ्या श्राविकांचे कर्तव्य एवढेच की तक्रार किती दिवसांची आहे व डॉक्टरांचे म्हणणे काय आहे, हे निर्णय देणाऱ्यांच्या कानी पूर्णपणे आणि वेळेवर जावे. संयमाच्या आड झाकलेला रक्तस्राव आजवर कोणाच्या आराधनेला साह्यकारी ठरलेला नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. रुग्णाला अरुंद फळीवर निजवितात, ओटीपोटावर झाकणासारखे एक साधन ठेवतात आणि फळी साठ-सत्तर सेंटिमीटर व्यासाच्या बोगद्यात सरकते. दोन्ही टोकांना बोगदा उघडा असतो, वारा येतो, दिवा असतो, हातात रबरी फुगा देतात. तो दाबला की तंत्रज्ञ धावून येतो. आवाज मात्र मोठा असतो. ठोकल्यासारखा, घासल्यासारखा, मध्येच थांबणारा. या आवाजाने श्रवणशक्तीला इजा होऊ शकते, म्हणून कानात बोळे देतात, ते नाकारू नयेत. अर्धा ते पाऊण तास हलावयाचे नसते. हे ऐकून घाबरण्याचे कारण जैन श्रावकाला तरी नसावे. एक सामायिक ४८ मिनिटांचे असते, आणि कायोत्सर्गाची सवय ज्याला आहे त्याला देह स्थिर ठेवणे नव्याने शिकावे लागत नाही. डोळे आत जाण्यापूर्वीच मिटावेत, श्वास संथ ठेवावा, मनात नवकार मंत्र चालू असावा. नवकारवाळी मात्र बाहेर ठेवावी. आणि हात जोडू नयेत. हे विचित्र वाटेल, पण दोन्ही हात एकमेकांना लागले की शरीराचे वर्तुळ पूर्ण होते, त्यातून विद्युतप्रवाह वाहून कातडी भाजू शकते. मांड्या एकमेकींना लागू नयेत म्हणून मध्ये गादीचा तुकडा ठेवतात, तो त्याचसाठी. कोठेही चटका जाणवला तर सहन न करता फुगा दाबावा. बंद जागेची भीती तीव्र असणाऱ्यांना सौम्य गुंगीचे औषध देता येते, मग सोबत कोणीतरी हवेच.

शिरेतून देण्याच्या औषधाविषयी बरेच प्रश्न येतात. त्यात गॅडोलिनियम या धातूचे संयुग असते, प्राणिजन्य काही नसते. ते प्रत्येकाला लागत नाही. भगंदर आणि मलाशयाच्या कर्करोगाची तपासणी पुष्कळदा त्यावाचून होते. सीटी स्कॅनचे आयोडीनयुक्त औषध निराळे आणि हे निराळे, तरी पूर्वी अशा औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील तर सांगावे. मूत्रपिंडे फारच निकामी असलेल्या रुग्णांत या औषधामुळे कातडी व आतील ऊती कठीण होण्याचा एक गंभीर विकार होऊ शकतो, हे २००६ च्या सुमारास उघडकीस आले. म्हणून मधुमेही व ज्येष्ठ रुग्णांचे क्रिएटिनिन आधी तपासतात. शरीरात या धातूचा अंश राहतो, या कारणाने युरोपातील औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये जुन्या रचनेची काही औषधे शिरेतून देणे थांबविले. नव्या, मॅक्रोसायक्लिक रचनेची औषधे अधिक स्थिर आहेत. आपल्याला कोणते देणार, हे विचारण्यात काही उद्धटपणा नाही. अंगावर पाजणाऱ्या मातेने औषधानंतर दूध थांबविण्याची गरज नसते, कारण दुधात उतरणारा अंश नगण्य असतो.

व्यवहाराचेही दोन शब्द. दर विचारताना औषध, जेली, इंजेक्शन, फिल्म हे सारे धरून एकूण किती, असे विचारावे आणि तो आकडा लिहून घ्यावा. ‘उघडे’ यंत्र म्हणून कमी शक्तीच्या चुंबकावर भगंदर वा प्रोस्टेटची तपासणी करून पैसे वाचविल्याचे समाधान मानू नये. अस्पष्ट चित्र आले तर खर्च दुप्पट होतो. उलट तीन टेस्लाच हवे असा हट्टही नको. दीड टेस्लाचे यंत्र आणि ओटीपोटाचे काम नेहमी करणारा रेडिओलॉजिस्ट असला म्हणजे पुरे. ज्या कुटुंबांना हा भार पेलत नाही, त्यांच्यासाठी धर्मादाय रुग्णालयांत २००६ पासून न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवलेल्या आहेत. रुग्णालयातील समाजसेवकाला भेटून तपासणीच्या सवलतीविषयीही विचारावे. साधर्मिक बंधूला रोख रकमेइतकीच या रांगेत सोबत उभे राहणाऱ्या माणसाची गरज असते.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘एमआरआय पेल्व्हिस’ एवढेच लिहिलेले असेल तर ते अपुरे आहे. भगंदराची मांडणी निराळी, प्रोस्टेटची निराळी, एंडोमेट्रिओसिसची निराळी. तक्रार काय, पूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली, काय शोधावयाचे, हे चिठ्ठीवर यावे. पूर्वीचे अहवाल, सोनोग्राफीच्या फिल्म, बायोप्सीचा कागद सोबत न्यावा. जुने चित्र शेजारी ठेवल्यावाचून गाठ वाढली की तशीच आहे, हे कोण सांगणार?

अहवाल हाती आला की घरातील सर्वात हुशार मुलगा तो मोबाइलवर शब्दशः शोधू लागतो आणि रात्रभर घर जागे राहते. नाबोथियन सिस्ट हा शब्द भयंकर वाटतो, पण बाळंतपण झालेल्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखावर अशा निरुपद्रवी पुटकुळ्या सर्रास असतात. पाळीच्या वयात ओटीपोटात थोडे पाणी दिसणे स्वाभाविक असू शकते. ‘लीजन’ म्हणजे केवळ वेगळा दिसणारा भाग, कर्करोग नव्हे. प्रोस्टेटच्या अहवालात एक ते पाच असा अंक असतो. एक-दोनला संशय कमी, चार-पाचला अधिक, आणि तीन म्हणजे निश्चित सांगता येत नाही. अंक हा निकाल नसतो, पुढे काय करावयाचे याची दिशा असते. निदान बायोप्सीने पक्के होते. अहवाल ज्यांनी मागविला त्या डॉक्टरांसमोर बसून, फिल्म उजेडात धरून समजून घ्यावा. त्या वेळी पत्नीने पतीला किंवा आईने मुलीला सोबत न्यावे. भीतीत ऐकलेले अर्धेच लक्षात राहते.

हायोसिनचे इंजेक्शन घेतले असेल तर काही वेळ अंधूक दिसते. तोपर्यंत स्कूटर वा मोटार चालवू नये. डोळा लाल होऊन दुखू लागला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. बाकी पथ्य काही नाही. गाउन उतरवून घरचे कपडे घालावेत, जेवण करावे, दुकानात गेले तरी चालते. केंद्रातून निघताना फिल्मसोबत सीडी मागून घ्यावी. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावयाचे झाल्यास ती पुरते, पुन्हा यंत्रात जावे लागत नाही. तिच्यावर रुग्णाचे नाव व तारीख आहे ना, हे तेथेच पाहून घ्यावे.

जय जिनेंद्र.